मुलांनी आपल्या शिकण्याची नोंद स्लाइडवर कशी ठेवावी : सीमाभागातील मराठी प्राथमिक शाळांसाठी मार्गदर्शन

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील बहुतेक मराठी प्राथमिक शाळांत आता एखादा लॅपटॉप, संगणक किंवा स्मार्ट टीव्ही दिसतो. त्यावर पॉवरपॉइंट किंवा लिबरऑफिस इम्प्रेसही असते, पण त्याचा वापर सहसा शिक्षकच करतात आणि मुले समोर बसून तयार स्लाइड पाहतात. हेच साधन मुलांच्या हाती देऊन त्यांच्याकडून त्यांच्या शिकण्याची नोंद कशी करून घ्यावी, याची पद्धत या लेखात क्रमाने मांडली आहे. वहीपेक्षा स्लाइड तीन बाबतींत सरस ठरते. तिच्यावर छायाचित्र, लिहिलेले वाक्य आणि मुलाचा आवाज एकत्र राहतात. जुनी नोंद न पुसता तिची प्रत काढून पुढचे काम करता येते. शिवाय मराठी आणि कन्नड या दोन्ही लिप्या एकाच पानावर बसतात, आणि आपल्या भागातील मुलांच्या दृष्टीने हा तिसरा गुण फार मोलाचा आहे.

आरंभीच एक पथ्य सांगतो. ही नोंद मुलाची असली पाहिजे. शिक्षकांनी वाक्ये सुधारून, चित्रे सजवून, तपासणीला दाखवण्यासाठी फाईल तयार केली, तर ती दिसायला देखणी होते. पण मुलाला जूनमध्ये काय वाटत होते आणि नोव्हेंबरमध्ये काय कळले, हे तिच्यातून समजत नाही.

विषय कोणता घ्यावा

सगळ्या विषयांच्या नोंदी एकदम सुरू करू नयेत. परिसर अध्ययनातील एखादा विषय घ्यावा, जो काही आठवडे चालतो, ज्यात डोळ्यांना दिसणारा बदल होतो आणि ज्याविषयी घरातील माणसांना शाळेपेक्षा अधिक माहिती असते. खानापूरच्या बाजूला कुंभाराच्या मातीचा विषय घेता येईल, निपाणीकडे तंबाखूचे पीक आहे, कणकुंबीच्या परिसरातील मुलांसाठी मलप्रभेचा उगम हाकेच्या अंतरावर आहे. येथे उदाहरणासाठी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील रताळ्याचे पीक घेतले आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला वेलाचे तुकडे वरंब्यावर लावले की साधारण साडेतीन ते चार महिन्यांत रताळी काढणीला येतात. म्हणजे जून-जुलैच्या लावणीपासून दसऱ्याच्या सुट्टीनंतरच्या काढणीपर्यंतचा काळ शाळेच्या पहिल्या सत्राशी बराचसा जुळतो. शाळेच्या आवारात दोन हात लांबीचा एक वरंबा केला तरी पुरे.

या पिकात शिकण्यासारखेही भरपूर आहे. रताळे हे मूळ आहे आणि बटाटा हे खोड, हे पाठ्यपुस्तकात वाचणे वेगळे आणि उकरून पाहणे वेगळे. बटाट्यावर डोळे असतात आणि त्या डोळ्यांतून कोंब फुटतात. रताळ्यावर तसे ठरावीक जागी डोळे नसतात, आणि म्हणून शेतकरी बटाट्याच्या फोडी लावतात, रताळ्याचा मात्र वेल लावतात. ज्या मुलांच्या घरी दोन्ही पिके होतात, त्यांनाही हा फरक विचारला की ती थांबून विचार करतात. नोंद तेथूनच सुरू करावी.

यंत्र आधी तयार करावे

मुलांना संगणकापाशी बसवण्यापूर्वी शिक्षकांनी एक दुपार यंत्रासाठी राखून ठेवावी. विंडोजच्या भाषा-सेटिंगमध्ये मराठी आणि कन्नड हे दोन्ही कीबोर्ड जोडून घ्यावेत. त्यानंतर विंडोजचे बटण दाबून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. मराठीसाठी विंडोजमध्ये मिळणारा नेहमीचा कीबोर्ड इन्स्क्रिप्ट पद्धतीचा असतो, आणि आपल्या शाळांनी हीच पद्धत धरावी असे माझे स्पष्ट मत आहे. या पद्धतीत स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला येतात, आणि सर्व भारतीय लिप्यांसाठी अक्षरांच्या जागा जवळपास त्याच राहतात. ज्या बटणावर मराठीचा ‘क’ आहे, त्याच बटणावर कन्नडचाही ‘क’ आहे. ‘त’, ‘प’, ‘म’ यांचेही तसेच. चौथीत मराठी टंकायला शिकलेले मूल कन्नड अक्षरे ओळखत असेल तर त्याच बोटांनी कन्नडही टंकू शकते. कन्नडसाठी सरकारी कचेऱ्यांत नुडी या कन्नड टंकन-सॉफ्टवेअरची वेगळी मांडणी चालते. शिक्षकांच्या हाताला तिची सवय असली तरी मुलांना दोन मांडण्या एकाच वेळी शिकवू नयेत.

इन्स्क्रिप्टमध्ये मुले एका ठिकाणी हमखास अडतात, ते म्हणजे ऱ्हस्व वेलांटी. हाताने लिहिताना ‘कि’मधील वेलांटी आधी येते, कीबोर्डवर मात्र आधी ‘क’ आणि मग वेलांटी दाबावी लागते, आणि पडद्यावर ती आपोआप मागे सरकते. हे फळ्यावर एकदा सावकाश दाखवावे. ‘ळ’ शिफ्ट धरून ‘ल’च्या बटणावर मिळतो; रताळे, वेल, मूळ हे शब्द टंकण्याच्या सरावाला म्हणूनच उपयोगी पडतात.

फॉन्टची निवड लगेच करून टाकावी. विंडोजमधील ‘निर्मला यूआय’ या फॉन्टमध्ये देवनागरी आणि कन्नड दोन्ही लिप्या असल्यामुळे एकाच ओळीत दोन भाषा आल्या तरी अक्षरांचा आकार सारखा दिसतो. लिबरऑफिस वापरत असल्यास ऑप्शन्समधील भाषेच्या भागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करावे, कारण देवनागरी आणि कन्नड यांचा फॉन्ट तेथे इंग्रजीपेक्षा वेगळा निवडावा लागतो. छापखान्यात चालणारे जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट मुलांच्या फाईलमध्ये येऊ देऊ नयेत. दुसऱ्या संगणकावर फाईल उघडली की त्यातील मजकुराची निरर्थक चिन्हे होतात. शंका आल्यास मजकूर निवडून त्याला ‘निर्मला यूआय’ लावून पाहावा. अक्षरे मोडली, तर तो मजकूर युनिकोडमध्ये नाही.

आणखी एक लहानशी पण महत्त्वाची गोष्ट. मराठी टंकताना शब्दांखाली तांबड्या नागमोडी रेषा उमटत असतील तर प्रूफिंगच्या पर्यायांत जाऊन टंकतानाची स्पेलिंग तपासणी बंद करावी. तांबडी रेषा दिसली की आपले चुकले असे मूल धरून चालते आणि बरोबर लिहिलेला शब्द खोडू लागते.

साचा आणि तारीख

प्रत्येक मुलाची स्वतंत्र फाईल असावी. वर्गाची एकच मोठी फाईल केली तर ती जड होते, आणि एका मुलाच्या हातून दुसऱ्याची स्लाइड पुसली जाण्याचा धोका राहतो. फाईलच्या नावात इयत्ता, हजेरी क्रमांक आणि विषय इतकेच असावे. स्लाइडचा आकार ए-फोर ठेवावा, म्हणजे पुढे छापताना कडा कापल्या जात नाहीत.

साच्याची एकच स्लाइड तयार करावी आणि पुढच्या प्रत्येक नोंदीसाठी तिची प्रत काढावी. डावीकडे चित्राची चौकट, उजवीकडे वाक्यासाठी जागा, खाली आवाजाच्या चिन्हासाठी कोपरा. यापेक्षा जास्त काही नको. वाक्याच्या जागेत सुरुवातीचे शब्द आधीच लिहून ठेवावेत : ‘मला वाटते…’, ‘मी पाहिले…’, ‘मी मोजले…’, ‘घरी विचारल्यावर कळले…’, ‘आधी मला वाटले होते, पण आता…’, ‘मला अजून विचारायचे आहे…’. एका वेळी एकच सुरुवात वापरायची. पूर्ण कोऱ्या जागेसमोर बसलेले मूल शेजाऱ्याचे वाक्य उतरवते. सुरुवात दिली की ते स्वतःचे वाक्य पूर्ण करते.

तारखेबाबत फार सावध राहावे. हेडर-फूटरच्या चौकटीत तारीख घालताना दोन पर्याय येतात : आपोआप बदलणारी आणि ठरावीक. आपोआप बदलणारी निवडली तर फाईल ज्या दिवशी उघडू त्या दिवसाची तारीख सगळ्या स्लाइडवर येते आणि चार महिन्यांची नोंद एका दिवसात केल्यासारखी दिसते. म्हणून ‘फिक्स्ड’ हाच पर्याय निवडून त्या दिवसाची तारीख टंकावी आणि ‘अप्लाय’ दाबावे. ‘अप्लाय टू ऑल’ दाबू नये, कारण त्याने जुन्या स्लाइडवरील तारखाही बदलतात. स्लाइडची प्रत काढली की जुनी तारीख तिच्याबरोबर येते, त्यामुळे प्रत काढल्यावर पहिले काम तारीख बदलण्याचे, अशी सवय मुलांना लावावी. छायाचित्रातील तारखेवर विसंबून राहता येत नाही. व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या छायाचित्रातून ते कधी काढले याची आतली माहिती निघून जाते.

एक लॅपटॉप, अख्खा वर्ग

यंत्र एकच असेल तर काम आधी कागदावर करून घ्यावे. वहीच्या पानाची चार घडी घालून प्रत्येक चौकोनात एका स्लाइडचा कच्चा आराखडा काढायचा : चित्र काय, वाक्य कोणते, बोलायचे काय. आराखडा झाल्याशिवाय यंत्रापाशी जायचे नाही. मग तिघांचा गट बसवावा. एकाने टंकायचे, दुसऱ्याने आराखडा वाचून सांगायचा, तिसऱ्याने तारीख आणि फाईलचे नाव तपासायचे. प्रत्येक मुलाची स्लाइड झाली की जागा बदलायच्या. अशा कामाला दर गटामागे साधारण एक तासिका लागते, आणि त्या वेळी उरलेला वर्ग वरंब्यापाशी मोजमाप करीत असतो किंवा पुढचा आराखडा काढीत असतो. चार मुलांचा गट केला तर चौथे मूल खिडकीबाहेर पाहते, असाच अनुभव येतो.

वीज जाणे आपल्याकडे गृहीतच धरावे. बॅटरी खराब झालेल्या संगणकावर काम असेल तर प्रत्येक वाक्यानंतर कंट्रोल आणि एस ही बटणे दाबणे हा तिसऱ्या मुलाच्या कामाचा भाग करावा.

पहिली स्लाइड : ‘मला वाटते’

वेल लावण्याच्या आधी, काहीही न शिकवता, ‘रताळे झाडाला कोठे येते?’ एवढाच प्रश्न विचारून मुलांना कागदावर चित्र काढू द्यावे. शेतकऱ्याची मुले असली तरी सगळी चित्रे बरोबर येतील असे समजू नये. काही चित्रांत रताळी काकडीसारखी वेलाला लटकलेली असतात, काहींत ती जमिनीत सुटी पडलेली असतात आणि वेलाशी त्यांचा कसलाच संबंध नसतो. फोनवर या चित्राचे छायाचित्र काढून ते पहिल्या स्लाइडवर घालावे आणि ‘मला वाटते…’ हे वाक्य पूर्ण करून घ्यावे. या स्लाइडला यानंतर कोणीही हात लावायचा नाही, शिक्षकांनीही नाही. पुढे रताळी उकरल्यावर मुलाने याच स्लाइडची प्रत काढावी, प्रतीवर नवे चित्र घालावे आणि ‘आधी मला वाटले होते, पण आता…’ असे लिहावे. दोन स्लाइड शेजारी ठेवून पाहिल्या की त्या मुलाचे शिकणे तेथे उघड दिसते, आणि एफएच्या, म्हणजे आकारिक मूल्यमापनाच्या, गुणांची नोंद करताना शिक्षकांना वेगळा पुरावा शोधावा लागत नाही.

मधल्या काळात दर पंधरवड्याला एक स्लाइड पुरे. एका वेलाला चिंधी बांधून खूण करावी आणि दर वेळी तोच वेल, त्याच बाजूने, शेजारी पट्टी ठेवून टिपावा. वेल वळणावळणाने जातो, म्हणून लांबी दोऱ्याने मोजून मग दोरा पट्टीवर धरावा. आलेख काढण्यासाठी सॉफ्टवेअरमधील तयार चार्ट वापरू नयेत असे मी सुचवेन. त्याऐवजी मुलांनी ‘शेप्स’मधून आयत घ्यावा आणि त्याच्या उंचीच्या चौकटीत आकडा घालावा, प्रत्यक्षातील १० सेंटीमीटरसाठी स्लाइडवर १ सेंटीमीटर धरला तर ४० सेंटीमीटरच्या वेलाला ४ सेंटीमीटर उंचीचा आयत येतो. चौकटीत मापे इंचात दिसत असतील तर आकड्यापुढे इंग्रजीत ‘सीएम’ टंकावे; पॉवरपॉइंट ते स्वतः बदलून घेते. तयार चार्ट यंत्र काढते, आयत मात्र मुलाला मोजून काढावा लागतो आणि प्रमाणाचे गणित त्यातच होऊन जाते.

दसऱ्याच्या सुट्टीत वरंब्याकडे कोण पाहणार, हे सुट्टी लागण्यापूर्वीच ठरवावे. शाळेजवळ राहणाऱ्या दोन मुलांनी पाने पिवळी पडू लागली का, जमिनीला भेगा दिसतात का, एवढे वहीत तारखेसह लिहून आणले तरी सुट्टीनंतर त्याची स्लाइड होते. वरंब्याला पडलेली भेग म्हणजे खाली रताळे फुगत असल्याची खूण, हे घरातील आजी-आजोबांनी सांगितलेले असेल तर ‘घरी विचारल्यावर कळले…’ या स्लाइडवर ते कोणी सांगितले हेही लिहावे.

आवाजाची नोंद आणि घरची मराठी

पहिली ते तिसरीच्या मुलांना टंकायला लावू नये. त्यांनी चित्र काढावे, शिक्षकांनी ते स्लाइडवर घालावे आणि मुलाने बोलावे. पॉवरपॉइंटमध्ये ‘इन्सर्ट’मधून ‘ऑडिओ’ आणि तेथून ‘रेकॉर्ड ऑडिओ’ निवडले की थेट आवाज टिपता येतो; इम्प्रेसमध्ये फोनवर आवाज टिपून ती फाईल स्लाइडवर घालावी लागते. बोलणे अर्ध्या मिनिटाच्या आत असावे. फोन तोंडासमोर न धरता थोडा बाजूला, वीतभर अंतरावर धरावा, म्हणजे श्वासाचा फुसफुसाट येत नाही. पावसात पत्र्याच्या छपराखाली आवाज टिपणे व्यर्थ आहे. उघडीप मिळाल्यावरच ते काम करावे.

आपल्या भागातील मूल ‘मी वेल लावलो’ असे म्हणते. प्रमाण मराठीत ते ‘मी वेल लावला’ असे होते. टिपलेल्या आवाजात ही दुरुस्ती करून घेऊन पुन्हा बोलायला लावू नये, कारण दुसऱ्या वेळी मूल वेलाकडे न पाहता वाक्याकडे पाहू लागते आणि त्याचे निरीक्षण हरवते. ‘येल आडवा गेलाय, मुळं बी फुटल्यात’ हे पहिल्या दमात बोललेले वाक्य शास्त्राच्या दृष्टीने पक्के असते. त्याच्या जागी घोकून म्हटलेले ‘वेलाची वाढ चांगली झाली आहे’ आले तर नोंदीतून मुळे नाहीशी होतात. चौथीपासून पुढे लिहिलेले वाक्य प्रमाण मराठीत करून घ्यावे, पण तेही आवाज ऐकून मुलानेच करावे. स्वतःचा आवाज ऐकत लिहिणारे मूल बोललेल्या आणि लिहिलेल्या वाक्यातला फरक आपणच पकडते. भाषेच्या तासाला याहून चांगला धडा शोधून सापडणार नाही.

कन्नडसाठी जागा

पाचवीपासून पुढच्या वर्गांत प्रत्येक स्लाइडच्या तळाशी कन्नड शब्दांची एक ओळ ठेवावी. रताळ्याला गेणसु, पानाला एले, मुळाला बेरु, मातीला मण्णु. हे शब्द कन्नड लिपीत मुलांनीच टंकावेत. शब्द त्या स्लाइडवरील चित्राशी जोडलेलेच घ्यावेत, यादी वाढवू नये. स्लाइड पाहायला येणारे सीआरपी (शाळांच्या समूहाचे साधन व्यक्ती) किंवा अन्य अधिकारी मराठी वाचू शकतीलच असे नाही, म्हणून शिक्षकांनी स्लाइडखालच्या नोट्सच्या जागेत दोन-तीन ओळींत कन्नडमधून सारांश लिहून ठेवावा. तो पडद्यावर दिसत नाही, पण नोट्ससह छापल्यावर कागदावर येतो. मुलाच्या स्लाइडवरचा मजकूर अधिकाऱ्यांच्या सोयीसाठी बदलण्याची वेळ मग येत नाही.

शिक्षकांचा अभिप्रायही याच नोट्समध्ये किंवा ‘रिव्ह्यू’मधील कॉमेंटमध्ये लिहावा, आणि तो शक्यतो प्रश्नाच्या रूपात असावा : ‘हे पान वरून पाहिलेस की खालून?’ शेरे मुलाच्या वाक्यावर लाल अक्षरांत टाकू नयेत.

ॲनिमेशन, फिरणारी अक्षरे, रंगीत पार्श्वभूमी यांना काढणीच्या स्लाइडपर्यंत मनाई ठेवावी. मुले मागतात, आणि शेवटच्या तासाला एक तासिका त्यासाठी मोकळी द्यायला हरकत नाही.

दाखवणे, छापणे, जपणे

छायाचित्रे जशीच्या तशी घातली तर फाईल फुगते आणि जुना संगणक रखडतो. पॉवरपॉइंटमध्ये चित्र निवडून ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ वापरावे, आणि ते सर्व चित्रांना लागू करावे. पालकांच्या आणि एसडीएमसीच्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) सभेत फाईल दाखवताना सगळ्या स्लाइड दाखवू नयेत. प्रत्येक मुलाने पहिली आणि शेवटची स्लाइड उघडून मध्ये काय घडले ते स्वतः सांगावे. घरी पाठवायची असल्यास पॉवरपॉइंटच्या ‘एक्स्पोर्ट’मधून व्हिडिओ करता येतो, तो फोनवर आवाजासह चालतो. पीडीएफमध्ये आवाज राहत नाही, पण छापण्यासाठी तीच सोयीची. एका कागदावर दोन स्लाइड छापल्या तर अक्षरे वाचता येतात, सहा छापल्या तर येत नाहीत. छापलेले कागद मुलाच्या कृतिसंपुटाच्या, म्हणजे त्याच्या कामाच्या संग्रहाच्या, फाईलला लावावेत.

चेहरा आणि नाव एकत्र दिसेल असे छायाचित्र गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ यात १८ वर्षांखालील व्यक्तीला मूल मानले असून तिच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. वर्षाच्या आरंभी पालकांकडून मराठीतील साध्या संमतिपत्रावर सही घ्यावी आणि शक्यतो हात, वेल, वही एवढेच टिपावे. मुलाची ओळख त्याच्या आवाजात असतेच, म्हणून आवाज असलेला व्हिडिओही त्याच्याच घरी पाठवावा.

एप्रिलमध्ये वर्ष संपण्यापूर्वी प्रत्येक फाईलच्या दोन प्रती काढाव्यात : एक शाळेच्या संगणकात इयत्तेच्या फोल्डरमध्ये, दुसरी मुख्याध्यापकांच्या कपाटातील पेन ड्राइव्हवर. पेन ड्राइव्ह दर वर्षी एकदा लावून फाईल उघडतात का ते पाहावे. सातवी संपवून मूल हायस्कूलला जाते तेव्हा त्याची फाईल त्याच्या पालकांच्या फोनमध्ये किंवा कार्डावर द्यावी आणि शाळेच्या संगणकातील प्रत ठेवायची की पुसायची हे त्यांनाच विचारावे. पुढच्या जूनमध्ये नव्या वर्गशिक्षकांच्या हाती फोल्डर देताना त्यांना फक्त ‘मला वाटते’च्या स्लाइड आधी उघडायला सांगाव्यात, नव्या वर्षाचा विषय कोठून सुरू करायचा, हे त्यांना त्यावरून ठरवता येते.